हजेरीपटाच्या शेवटी

टाकीचं गणित शैलजाबाई आरगडे दर वर्षी चौथीला घालत आणि तीस वर्षांत त्याचं उत्तर काही बदललं नव्हतं. टाकीत एकशेवीस लिटर पाणी आहे, रोज पंधरा लिटर लागतं, तर पाणी किती दिवस पुरेल? आठ. सगळा वर्ग आठ म्हणाला. शेवटच्या बाकावरची दुर्वा नेवारे काहीच म्हणाली नाही.

बाईंनी तिला नावानं विचारलं. पोरगी उभी राहिली, फळ्याकडे बघत राहिली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. तिच्या बाकावर बसवलेल्या पांढऱ्या डबीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा झाला. तेव्हा कुठे ती बोलली, तेही पहिल्या बाकापर्यंत पोचणार नाही इतक्या हळू.

"सात."

पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"सात कसे गं?"

"शेवटची बादली भरत नाही, बाई. तोटी तळाच्या वर असते ना. खालचं पाणी टाकीतच राहते. माय म्हणते, ते धराचंच नाही."

शैलजाबाई खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शेकडो टाक्या बघितल्या होत्या. प्रत्येक टाकीची तोटी तळाच्या वर असते हे त्यांनाही ठाऊक होतं, शाळेच्या टाकीची तर होतीच. पण गणित घालताना ते कधी डोक्यात आलं नव्हतं. ज्यानं पुस्तकात ते गणित घातलं त्याच्याही आलं नसावं. नऊ वर्षांच्या मुलीच्या आलं, कारण ती रोज सकाळी त्या तोटीखाली बादली धरत होती.

बाईंच्या टेबलावरच्या टॅबवर डबीची नोंद उमटली. उत्तर चूक. विलंब अकरा सेकंद. आवाज क्षीण.

"चूक म्हणे," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "चूक तुझं कपाळ."

दुर्वा दुसरीच्या मध्यात या शाळेत आली होती. गावाच्या माळावर सौरविजेचं मोठं पार्क उभं राहिलं आणि तिथले पॅनल धुवायला भंडाऱ्याकडची दहा-बारा कुटुंबं आली, त्यातलंच एक नेवाऱ्यांचं. पॅनलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून रोज उजाडायच्या सुमाराला टाक्या भरायच्या आणि ओळीनं काचा पुसत जायचं. २०४१ साल उजाडलं तरी हे काम माणसंच करत होती, कारण यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडत होता. यंत्रं दुसऱ्या कामाला लावली होती. ती सहा वर्षांच्या पोरांची अक्कल मोजत होती.

त्या यंत्राचं नाव पारखी. मुलं त्याला नुसतं डबी म्हणत. बालमापन प्राधिकरण नावाच्या नव्या खात्यानं राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत प्रत्येक बाकावर ती बसवली होती. पहिलीत पाऊल ठेवल्यापासून चौथीची शेवटची घंटा होईपर्यंत ती मुलासमोर असे. मूल कुठे बघतं, किती वेळ बघतं, पेन्सिल किती दाबतं, वाचताना कुठे अडतं, विचारल्यावर किती सेकंदांनी तोंड उघडतं, अशा बासष्ट गोष्टी ती सतत टिपत असे. त्यातून प्रत्येक मुलाची एक रेषा तयार व्हायची आणि दर शनिवारी ती आईबापांच्या मोबाइलवर जायची. पारखी आली तेव्हा लहानग्यांच्या परीक्षा बंद झाल्या म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. परीक्षा कसल्या बंद झाल्या होत्या, त्या संपायच्या बंद झाल्या होत्या.

चौथीच्या शेवटी रेषा जिथे पोचेल त्यावरून पुढची वाट ठरे. वर असेल तर पाचवीपासून अ शाखा, खाली असेल तर ब. ब शाखेत बीजगणित नाही, प्रयोगशाळा नाही, इंग्रजी नावापुरतं. पॅनल कसे जोडायचे आणि कसे पुसायचे हे मात्र तिथे अगदी पद्धतशीर शिकवत. एकदा ब मध्ये गेलेलं मूल अ मध्ये आलंय असं शैलजाबाईंच्या ऐकण्यात नव्हतं.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी चौथीच्या अंतिम रेषा निघाल्या. दुर्वाला ब.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच दुर्वाची आई, वनिता, फाटकाशी उभी होती. अंगात पार्कचा निळा कोट, हात पाण्यानं सुरकुतलेले. सोबत धाकटी अन्वी, यंदाच पहिलीत बसलेली.

"मॅडम, हे ब काऊन आलं?" वनितानं मोबाइल पुढे केला. "मले वाचता येत नाही. कंपनीच्या कागदात काय लिवलं हाये, थे मले दुर्वाच सांगते. मागच्या महिन्यात कागदात हजेरी कमी लावली होती, तिनंच धरली. मंग तिले येत नाही म्हंजे काय येत नाही, थे तरी सांगा."

बाईंनी रेषेखालचे शब्द वाचले. आकलन मर्यादित. प्रतिसाद मंद. सुधारणा आवश्यक. आपण हे शब्द याआधी कुठेतरी वाचलेत असं त्यांना वाटून गेलं, पण असले शब्द तर रोजच डोळ्यांखालून जात. तो विचार त्यांनी झटकून टाकला.

"तुम्ही घरी जा, वनिताताई. मी बघते."

म्हणजे नक्की काय बघणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण संताप असा चढला होता की काहीतरी बोलायला हवंच होतं.

त्याच आठवड्यात डब्यांच्या वार्षिक तपासणीसाठी प्राधिकरणाची अभियंता शाळेत आली. केतकी मराठे तिचं नाव, वय तिशीच्या आत, कामाला वाघ. दुपारच्या सुट्टीत ती पोरांमध्ये बसून खिचडी जेवली, हे बाईंनी बघितलं होतं, त्यामुळे तिच्यावर थेट तुटून पडणं त्यांना जड गेलं. तरी तुटून पडल्याच.

"अकरा सेकंदांत त्या पोरीनं टाकीची तोटी मोजली, आणि तुमच्या डबीनं तिला ढ ठरवलं. लाज कशी वाटत नाही?"

"बाई, पारखीला ढ-हुशार काही कळत नाही," केतकी शांतपणे म्हणाली. "तिला फक्त आकडे कळतात. अकरा सेकंद हा आकडा. पण अकरा सेकंद थांबलेलं मूल विचार करतंय, की त्याला काही समजलंच नाही, हे आकड्यावरून कसं ओळखायचं? ते आम्ही तिला सांगितलेलं नाही. आम्हाला तरी कुठे माहीत होतं? ते तिला शिक्षकांनी शिकवलंय."

"कुठल्या शिक्षकांनी?"

"तुमच्यासारख्याच." केतकीनं खुर्ची जवळ ओढली. "समजा, कधी आंबा न बघितलेल्या माणसाला पिकलेला आंबा ओळखायला शिकवायचंय. तुम्ही त्याला दहा हजार आंबे दाखवता आणि दर वेळी सांगता, हा पिकला, हा कच्चा. रंग, वास, देठ, काय काय बघायचं ते तुम्ही सांगत नाही. ते तो आपोआप हेरतो. पारखी तशीच शिकलीय. आठवतंय, पूर्वी तुम्ही सहामाहीला प्रत्येक मुलाचा वाचतानाचा, उत्तरं देतानाचा व्हिडिओ अपलोड करायचात? आणि त्याच मुलाबद्दल तुमच्या रजिस्टरात वर्णनात्मक नोंद असायची. म्हणजे आंबाही तुमचा आणि पिकला की कच्चा हे सांगणंही तुमचं. वीस वर्षांचे असे नव्वद लाख व्हिडिओ आणि नव्वद लाख नोंदी आम्ही एकेकाला जोडून पारखीला दाखवल्या. म्हणून मी म्हणते, तिला जात नाही, गाव नाही, वशिला नाही. तिच्यात लाखभर गुरुजींचा अनुभव आहे."

केतकीच्या डोळ्यांत तेव्हा खरोखर अभिमान होता. ढोंग नव्हतं त्यात काही.

"मग दाखव मला," बाई म्हणाल्या. "कुठल्या गुरुजीच्या अनुभवानं माझी दुर्वा कच्ची ठरली ते दाखव."

ते दाखवता येत होतं. कुठल्याही मुलाचा निकाल ज्या जुन्या मुलांच्या आधारानं लागला, त्यांना प्राधिकरणाच्या भाषेत शेजारी म्हणत. आवाजानं, थांबण्यानं, नजरेनं दुर्वाशी सगळ्यात जास्त जुळणारे दोनशे शेजारी केतकीनं पडद्यावर आणले. सगळ्यात वरच्या नावावर बाईंची नजर थिजली.

पल्लवी ढवळे. इयत्ता चौथी, सन २०१६. हजेरी क्रमांक ३८. नोंद : उत्तर देण्यास विलंब लावते. आकलन मर्यादित. प्रतिसाद मंद. सुधारणा आवश्यक. वर्गशिक्षिका : शै. आरगडे.

रजिस्टरचा फोटोही होता. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार आणि नीट, कुठे खाडाखोड नाही.

पल्लवी त्यांना लख्ख आठवत होती. बारीक आवाजाची, दोन वेण्यांची पोरगी. बाई फळ्यावर हातचा विसरल्या की सगळा वर्ग चुकीची बेरीज वहीत उतरवायचा, आणि ही एकटी पेन्सिल खाली ठेवून बसायची. बोलायची नाही, नुसती बघत राहायची. मग बाईच फळ्याकडे वळून आपली चूक शोधायच्या. त्या पल्लवीचं आकलन मर्यादित, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं.

"त्या वर्गाची पूर्ण यादी दाखव," त्यांचा आवाज बदलला होता. "एक नंबरपासून."

केतकी यादी खाली सरकवू लागली. क्रमांक एक, स्वयंस्फूर्तीने प्रश्न विचारतो. क्रमांक दोन, नवीन कल्पना मांडतो. क्रमांक तीन यायच्या आधीच बाईंच्या ओठांवर शब्द आले, गटाचे नेतृत्व करतो. पडद्यावर तेच उमटलं. चार, शुद्ध व स्पष्ट वाचन करतो. पाच, परिसराचे बारकाईने निरीक्षण करतो. पुढचं वाक्य त्यांना आधीच ठाऊक होतं, त्याच्या पुढचंही.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. ऊन लागलंय." त्या उठल्या आणि वर्गात निघून गेल्या.

खरं सांगायची त्यांची छाती झाली नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी कार्यालयातलं जुनं लोखंडी कपाट उघडलं. तळाच्या खणात, फाटक्या नकाशांखाली, ती वही सापडली. मळका गुलाबी पुठ्ठा, आत चार पानं. नोंदसखी. तालुक्याच्या एका दुकानात मिळायची, आणि त्या काळात ती नसलेला शिक्षक शोधून सापडला नसता. आत चाळीस वाक्यं होती, पहिलं सगळ्यात गोड आणि चाळिसावं सगळ्यात कडू.

तेव्हा प्रत्येक मुलाबद्दल रोज निरीक्षण करून नोंद करायची असा नियम होता. नियम करणाऱ्यांनी कधी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला नव्हता. शैलजाबाईंकडे तेव्हा दोन वर्ग होते, खिचडीचा हिशेब होता, मतदारयाद्या होत्या, जनगणना होती, आणि वर या नोंदी. मग एप्रिलच्या दुपारी तीन बाया पंख्याखाली बसायच्या, एक वही वाचायची आणि दोघी उतरवायच्या. वरून खाली वाक्यं, वरून खाली हजेरीपट. सगळ्याच नोंदी गोड लिहिल्या तर साहेब विचारायचे, सगळा वर्ग हुशार कसा? म्हणून शेवटची दहा वाक्यं कडू. आणि हजेरीपट कसा असायचा? आधी मुलगे, मग मुली. वर्षाच्या मध्ये कामामागे फिरत आलेल्यांची पोरं अगदी तळाला, दाखला येईल तसं नाव.

एकदा एका नव्या शिक्षिकेनं विचारलं होतं, बाई, हे खोटं नाही का? शैलजाबाईच तेव्हा हसल्या होत्या. अगं, कोण वाचतंय?

कोणीच वाचत नव्हतं, हे खरंच होतं. साहेब शिक्का मारायचे, आईबाप सही करायचे, रजिस्टर कपाटात जायचं. पल्लवीचं त्या वाक्यानं काही वाकडं झालं नाही, कारण ते कोणाच्या नजरेलाच पडलं नाही. आणि मग कितीतरी वर्षांनी एक वाचणारा आला. त्यानं सगळ्या राज्याची सगळी रजिस्टरं वाचली, अक्षर न् अक्षर खरं मानलं, आणि त्यातून इमानेइतबारे शिकला की जी पोरं बारीक आवाजात बोलतात, बाहेरगावच्या बोलीत बोलतात, विचारल्यावर आधी दुसऱ्यांकडे बघतात, ती कच्ची. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला आंबे दाखवणाऱ्यांनी आंब्याकडे बघितलंच नव्हतं.

आठवडाभर बाई डबीला शिव्या देत होत्या. आता शिवी कोणाला द्यायची? कपाटाच्या दाराला टेकून त्या खाली बसल्या आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना मनापासून वाटलं.

मुख्याध्यापक खंडागळे सर दार लावायला आले तर बाई फरशीवर बसलेल्या. त्यांनी मांडीवरची वही बघितली आणि काही न विचारता खुर्ची ओढून बसले. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्याही घरी ती वही होती.

"आक्षेपाचा नियम वाचलात?" ते म्हणाले. "निकाल चुकला अशी तक्रार चालत नाही. ज्या मूळ नोंदीवर निकाल उभा आहे ती नोंदच खोटी आहे, असं सिद्ध व्हावं लागतं. आणि ते नोंद करणाऱ्यानं स्वतः, प्रतिज्ञापत्रावर."

"वाचलाय."

"म्हणजे सरकारी दप्तरात खोटं लिहिलं असं तुम्ही स्वतः लिहून द्यायचं. आधी निलंबन, मग चौकशी. चार वर्षं राहिलीत तुमची, बाई. आणि हे तुमच्या एकटीचं नाही. तुम्ही तोंड उघडलंत की राज्यातल्या प्रत्येक जुन्या गुरुजीकडे बोट जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही आम्हाला."

"मग दुर्वानं काय करायचं, सर? पॅनल पुसायचे?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "मी फक्त माझ्याच्यानं होणार नाही, एवढं सांगतोय."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याला सुनावणी झाली. प्राधिकरणाचे उपसंचालक वाघमोडे टेबलामागे, बाजूला केतकी तिचा संगणक उघडून, समोर शैलजाबाई, वनिता आणि धाकटी अन्वी. दुर्वाला बाईंनी मुद्दाम शाळेतच ठेवलं होतं. आपल्याबद्दल काय काय बोलतात ते तिनं ऐकावं असं त्यांना वाटत नव्हतं.

बाईंनी वही टेबलावर ठेवली. "केतकीताई, माझा २०१६ चा वर्ग काढा. तुम्ही तिथून वाचा, मी इथून वाचते."

सातव्या वाक्यापर्यंत वाघमोड्यांच्या चेहऱ्यावर नुसता कंटाळा होता. पंधराव्याला ते पुढे सरकले. एकविसाव्याला केतकी वाचायची थांबली.

"थांबा," ती म्हणाली. तिची बोटं भराभर चालू लागली. "ही चाळीस वाक्यं मी सगळ्या राज्यात शोधते. फक्त एवढंच बघते, की हजेरी क्रमांक वाढतो तशी वाक्यं याच क्रमानं पुढे सरकतात का."

दहा मिनिटं गेली. मग केतकीनं पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. तिचा चेहरा उतरला होता.

"शंभरातल्या एकसष्ट वर्गांत," ती म्हणाली. "काही ठिकाणी वही वेगळी असेल, ती मी अजून धरलेली नाही." ती वाघमोड्यांकडे वळली. "साहेब, पारखी मुलांना मोजतच नाही. ती मूल हजेरीपटावर कितव्या नंबरला असतं, ते ओळखायला शिकलीय. आणि आपण चार वर्षं त्यावर शाखा वाटतोय."

"किती मुलांना?" बाईंनी विचारलं.

"ब शाखेत अकरा लाख आहेत."

वाघमोड्यांनी खोकून घसा साफ केला. माणूस अनुभवी होता. त्यांनी वनिताकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि आवाजात एकदम आपुलकी आणली.

"बाई, तुमची तळमळ पोचली. शिक्षक असावा तर असा. मी काय म्हणतो, दुर्वा नेवारे हिला विशेष बाब म्हणून अ शाखा देऊन टाकू. आदेशावर आत्ता सही करतो. तुमच्या प्रतिज्ञापत्राची मग गरजच उरत नाही, तुमच्यावर बालंट नको उगाच. ती वही तेवढी इथे राहू द्या, आम्ही आमच्या पातळीवर सुधारणा करून घेऊ."

त्यांनी खरंच आदेशाचा कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

शैलजाबाईंना क्षणभर इतकं हलकं वाटलं की त्याची पुढे कितीतरी दिवस त्यांना शरम वाटत राहिली. ज्यासाठी आल्या होत्या ते समोर होतं. दुर्वा सुटत होती, नोकरी वाचत होती, खंडागळे सर आणि बाकी सगळे वाचत होते. नको म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

वनिताला बोलण्यातलं अर्धंच समजलं होतं. तिनं मांडीशी टेकलेल्या अन्वीच्या डोक्यावर हात ठेवला.

"अन हे लहानीचं?" तिनं विचारलं. "इच्याबी बाकावर डबी हाये. हेबी असंच हळू बोलते."

"तिचं तिच्या वेळी बघू," वाघमोडे म्हणाले.

"इची चौथी होईल तवा हे मॅडम असतील का?"

असल्याच तर जेमतेम. अन्वी चौथीत जाईल त्या वर्षी शैलजाबाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील, आणि त्यानंतर जी बाई येईल तिला ही गुलाबी वही म्हणजे काय हेसुद्धा माहीत नसेल. मग अन्वीला कोण विशेष बाब करणार? आणि उरलेल्या अकरा लाखांच्या आया कोणत्या टेबलासमोर येऊन बसणार होत्या?

बाईंनी हात पुढे करून वही उचलली आणि पिशवीत घातली.

"साहेब, तुम्ही त्या पोरीवर उपकार करताय असं दाखवू नका. तिचं होतं ते आम्ही हिसकावलं, तुम्ही आणि मी मिळून. आता ते परत देताना चोरीचा माल गुपचूप ठेवून जायला सांगता?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वर्गातली पोरं तो आवाज ओळखत आणि पाठीचा कणा ताठ करून बसत. "सहा वर्षांच्या लेकराला तुम्ही एक सेकंद सोडत नाही. त्यानं खिडकीबाहेर बघितलं तरी लिहून ठेवता. पेन्सिल दाबली तरी लिहून ठेवता. आणि आपण वीस वर्षं काय लिहिलं ते तपासायला तुम्हाला सवड झाली नाही. माझी लबाडी तुमच्या खात्यानं पैलू पाडून परत माझ्याच वर्गात आणून बसवली. घ्या माझं प्रतिज्ञापत्र. आवक क्रमांक टाकून पोच द्या मला."

वाघमोडे फॉर्म उलटून बघत राहिले. "इथे लिहायचंय, एकूण किती नोंदी खोट्या. आकडा तरी सांभाळून लिहा, बाई. एकच लिहा. त्या पल्लवीची."

शैलजाबाईंनी पेन घेतलं. त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, सर्व. मग खाली जागा होती म्हणून आणखी एक ओळ लिहिली. मी या मुलांकडे न बघता त्यांच्याबद्दल लिहिले.

केतकीनं संगणकातून तो एकसष्टचा तक्ता छापला, त्यावर स्वतःची सही केली आणि प्रतिज्ञापत्राला जोडला. वाघमोड्यांनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. तिनं तिकडे बघितलंच नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद शाळेत आले. एकात लिहिलं होतं की या वर्षीचे सगळे शाखानिर्णय पुढील आदेशापर्यंत स्थगित, चौथीची सगळी मुलं पाचवीत एकत्रच बसतील. पुढच्या वर्षी काय, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. डब्या काढायचा आदेशही नव्हता. दुसरा कागद शैलजाबाईंच्या निलंबनाचा, सोमवारपासून लागू. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आरगडे बाईंनी घर जाळून उजेड केला. बाकीच्यांनी बाईंना ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच आठवड्यात मात्र तालुक्याच्या कार्यालयात आणखी तीन प्रतिज्ञापत्रं दाखल झाली, त्यातलं एक खंडागळे सरांचं होतं. याबद्दल सर बाईंशी काही बोलले नाहीत आणि बाईंनीही विचारलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी सव्वासात वाजता वर्गात येऊन हजेरीपट उघडला. पोरं सवयीनं हात बांधून बसली. एक नंबरचा अथर्व हजर म्हणायला तोंड उघडून तयारच होता.

बाईंनी बोट पानाच्या तळाशी नेलं.

"एकतीस. दुर्वा नेवारे."

वर्ग गोंधळला. अथर्वनं मागे वळून बघितलं. दुर्वाला आपलं नाव पहिलं आलंय हे समजायला वेळ लागला, ती बाईंकडे बघत राहिली. बाकावरच्या डबीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, मग तांबडा झाला. बाईंनी डबीकडे बघितलं नाही. त्या दुर्वाकडे बघत होत्या, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

"हजर, बाई," दुर्वा म्हणाली.